डोहाळजेवणाला तीस माणसांचं फ्रूट सॅलड : पाणी सुटू नये, कडू होऊ नये

अनगोळची सून

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी नणंदेचं डोहाळजेवण आमच्याकडे, अनगोळला आहे. पंचवीस-तीस माणसं होतील, बहुतेक बायका आणि त्यांची पोरं. पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि तळण एवढं ठरलंय. गोडाला फ्रूट सॅलड करते असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले. सासूबाईंचं म्हणणं, "बासुंदीच करूया की, दुधात फळं कशाला बुडवायची?" सासरे म्हणतात काहीच नको, कुंदा आणून वाढू. पण वैशाखात बासुंदी आटवत कोण बसणार, आणि कुंदा काय, आपल्या बेळगावात पाहुणे आले की असतोच. मला फ्रूट सॅलडच करायचंय.

मात्र धाकधूक आहे. गेल्या महिन्यात एका लग्नात जेवलो, तिथलं फ्रूट सॅलड चक्क कडू लागत होतं. आचारी म्हणे दूध जुनं. शिवाय खाली पाणी आणि वर फळं असं वेगवेगळं झालेलं. तसं घरी होऊ नये. आमचा फ्रिज एका दाराचा, त्यात तीस माणसांचं पातेलं मावायचं नाही. दुपारनंतर वळिवाची चाहूल लागली की लाईट जाते ती वेगळीच.

आणि एक अडचण आहे ती उत्सवमूर्तीचीच. नणंदेला सातवा चालू आहे, डॉक्टरांनी साखर जपायला सांगितलंय. जिच्यासाठी जेवण तिच्याच पानात गोड नाही, हे बरं दिसत नाही. काय करू?


शहापूरच्या बाई

मी शाळेत गृहविज्ञान शिकवत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जुन्या मुली अजून असलेच प्रश्न घेऊन फोन करतात, त्यामुळे सांगायची सवय सुटलेली नाही. जरा लांबेल, वाचा.

आधी त्या कडूपणाचं. दूध नासलं असतं तर आधी आंबट लागलं असतं, फाटलं असतं. त्यात अननस होता का आठवून बघा, बहुधा असणार. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एक एन्झाइम असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि तुटलेले तुकडे जिभेला कडू लागतात. कालवल्या कालवल्या खाल्लं तर कळतसुद्धा नाही. पण आचाऱ्याने सकाळी नऊला कालवलेलं तुम्ही दीडला खाल्लंत. कीवीचा गुण तोच. पपईत पेपेन असतं, कच्च्या पपईच्या चिकात जास्त, पिकलीत कमी, पण दुधात तास-दोन तास राहिली की तीही चव बिघडवते. तुमच्याकडे तर डोहाळजेवण आहे. अननस-पपई दिसली की येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तोंडाला पदर लावतील आणि उरलेल्या सासूबाईंच्या कानाला लागतील. दोन्ही फळं आणूच नका. इतर वेळी अननस हवाच असेल तर फोडी साखरेत पाच-सात मिनिटं चांगल्या उकळून, गार करून घालाव्यात. उष्णतेने ते एन्झाइम मरतं. डब्यातला अननस म्हणूनच चालतो, तो डबाबंद करतानाच शिजलेला असतो.

फ्रूट सॅलड बिघडतं ते नको ती फळं घातल्याने आणि नको तेवढं आधी कालवल्याने. बाकी त्यात काही विद्या नाही. तेव्हा आधी काय घालायचं नाही ते ठरवा. कलिंगड नको, त्यात पाण्याशिवाय आहे काय? खरबूज खायचं तर नुसतं खावं. संत्रं-मोसंबी नको, आंबटपणाने दूध फाटतं आणि पांढरा पापुद्रा कडवट लागतो. द्राक्षं या दिवसांत संपत आलेली असतात, जी मिळतात ती आंबट निघाली तर पंचाईत. जांभळं-करवंदं ओटीत घाला, दुधात नको.

मग राहिलं काय? पुष्कळ राहिलं. हापूस सहा मध्यम, पण देठाशी वास आलेला. आंबोली घाटातून येणारा देवगड-वेंगुर्ल्याचा परवडला तर तो, नाहीतर धारवाडचा आपूसही छान असतो. फक्त एक फोड खाऊन बघा, आंबट असेल तर त्या आंब्याचा रस करा. केळी आठ. नुकती पिवळी झालेली, काळे ठिपके न पडलेली. वेलची केळी घेतलीत तर दुप्पट. चिकू चार. चिकू दाबून बघून घ्या, कच्चा चिकू तुरट लागतो आणि त्याचा चीक दुधात उतरतो. जास्त घालू नका, रंग मळका होतो. सफरचंदं तीन, कुरकुरीत लागायला काहीतरी हवं म्हणून. डाळिंबं दोन. सोलून-कापून एवढं सगळं अडीच किलोच्या आसपास भरतं आणि तीन लिटर दुधाला ते बरोबर होतं. पुरीबरोबर तीस माणसांना पुरून दुसऱ्यांदा मागणाऱ्यालाही मिळेल.

दूध म्हशीचं घ्या, पाणी न घालता. तीन लिटरला कस्टर्ड पावडर नऊ मोठे सपाट चमचे, म्हणजे लिटरला तीन. शंभर ग्रॅमचं खोकं पुरतं. साखर लिटरला शंभर ग्रॅम. आंबा आणि चिकू गोड आहेतच. पावडर नेहमी गार दुधात कालवायची, वाटीभर दूध आधीच बाजूला काढून. गरम दुधात टाकलीत तर गुठळ्या होतात आणि मग गाळणी शोधायची वेळ येते. दूध उकळलं की साखर घाला, आच मंद करा, कालवलेली पावडर बारीक धारेने सोडा आणि डाव तळापर्यंत फिरवत राहा. तीन-चार मिनिटांत पिठाचा कच्चा वास जातो. चमच्याच्या पाठीवर पातळ थर बसला की गॅस बंद. कढईतच दाट दिसलं म्हणजे फसलात, कारण गार झाल्यावर ते आणखी दाटतं. आपल्याला गार झाल्यावर पळीवाढं हवं, वडी पाडायची नाही.

गार होईपर्यंत अधूनमधून ढवळा, नाहीतर साय धरते आणि तिच्या चिंध्या तोंडात येतात. आणि चव बघितलेला उष्टा चमचा परत पातेल्यात घालू नका. हे मी सोवळं म्हणून सांगत नाही. लाळेतलं एन्झाइम स्टार्च पचवतं, तेवढ्यानेही कस्टर्ड पातळ व्हायला लागतं. वर्गात मी दोन वाट्यांत करून दाखवायची, एकीत नुसता चमचा, दुसरीत उष्टा. मुलींना बाकी काही आठवत नसलं तरी ते आठवतं.

सासूबाईंना अंड्याची शंका असेल तर सांगा, कस्टर्ड पावडर म्हणजे मक्याचा स्टार्च, रंग आणि व्हॅनिलाचा वास. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने ती काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं.

नणंदेचं खाली वेगळं लिहिते. आता दूधवाला आलाय.


मांडवातला

बाईंनी सगळं आचाऱ्यावर ढकललं. मी चिकोडी भागात ऑर्डरी घेतो म्हणून चार शब्द. तीनशे पानाला फळ कापायचं तर पहाटे पाचला बसावं लागतं. मुहूर्त साडेबाराचा, पंगत बसते दोनला, त्यात यजमान फोटो काढत उभे. फळ तोवर पाणी सोडणारच. म्हणून आम्ही कस्टर्ड दाट ठेवतो, लिटरला चार-साडेचार चमचे. फळाचं पाणी सुटलं की ते बरोबर बेतात येतं. घरी तीन ठीक आहे, पण कालवून ठेवणार असाल तर चारच घाला.

ताई, तुम्हाला कामाचं सांगतो. फ्रिजचा नाद सोडा. मोठ्या घमेल्यात नाहीतर पाण्याच्या टपात बर्फ फोडून घाला, त्यावर जाडं मीठ दोन मुठी पसरा, आणि कस्टर्डचा उंच स्टीलचा डबा त्यात गळ्यापर्यंत बसवा. मिठाने बर्फ जास्त गार पडतो. वर ओलं पोतं टाका. करंट असो नसो, दोन-तीन तास बघायला नको. पण बर्फ मासळीवाल्याकडचा असो नाहीतर कारखान्याचा, तो डब्याच्या बाहेरच राहिला पाहिजे. मिठाचं पाणी आत उडालं तर सगळं गेलं. झाकण घट्ट बसणारं घ्या.

भांडं स्टीलचंच. कल्हई गेलेल्या पितळेत ठेवू नका. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात दूध तापवलंत तरी चालेल, पण फळं घालून ठेवू नका, कळकतं.

फोडी कापून झाल्या की पिठाच्या चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. खालचं पाणी पोरांना प्यायला द्या. एवढ्यानेच निम्मं पाणी वाचतं. फळावर आधीच साखर पेरायची सवय असते काहींना, ती करू नका, साखर फळातलं पाणी बाहेर ओढते.


जांबोटीकर

सगळे आंब्याचंच बोलूलालेत, फणसाची कुणाला आठवणच नाही. खानापूर भागात मे महिन्यात फ्रूट सॅलड करायचं आणि त्यात कापा फणस नाही? गरे आठळी काढून उभे चिरायचे, मग बारीक तुकडे. कापा असल्याने दुधात दोन तास राहिला तरी करकरीत, पाणी सुटत नाही, काळा पडत नाही. सफरचंद कशाला? या दिवसांत कोल्ड स्टोरेजमधलं मेणासारखं सफरचंद घेऊन पैसे घालवायचे. बरका मात्र घेऊ नका, तो गिळगिळीत, त्याची सांदणं करा.

हाताला आणि सुरीला खोबरेल लावून कापा, चीक धरत नाही. रस्त्याकडेला आमच्या बायका गरे काढून द्रोणात विकतात, पण ते सकाळचे असतात. फंक्शनसाठी अख्खा घ्या, आदल्या दिवशी फोडा.


अनगोळची सून

बाई, तुम्ही म्हणाल तसं अननस-पपई यादीतून काढलं. त्या लग्नात अननस होता, आमच्या ह्यांना आठवतंय, "पिवळे चौकोनी तुकडे होते ते मला आंब्याचे वाटले" म्हणतात.

मांडवातले दादा, टप आहे, पोतंही आहे. चाळणीचं मला सुचलं नसतं.

फणसाचं सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या एकदम खूश, बासुंदी विसरल्या. आता फणस घालू का बाई? आणि सफरचंद काळं पडतं त्याला काय करू? लिंबू पिळलं तर दूध फाटेल ना?


शहापूरच्या बाई

फणसाला माझी ना नाही, पण मग आंबा काढा. दोघांचा वास एका पातेल्यात नांदत नाही, फणस नेहमी वरचढ होतो. आणि डोहाळ्यांच्या दिवसांत वास हा मोठाच विषय असतो. आधी नणंदेला विचारा तिला फणसाचा वास सोसतो का. तिला मळमळलं तर काय करायचाय तो कापा? मी असते तर आंबा ठेवला असता आणि फणसाचे गरे वेगळ्या ताटलीत मांडले असते. जांबोटीकरांनी रागावू नये. गरे करकरीत राहतात हे त्यांचं खरंच आहे.

सफरचंद कापल्यावर हवा लागून तांबूस होतं. लिंबाने ते थांबतं, पण तुम्ही म्हणता तो धोका आहेच. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून फोडी पाच मिनिटं बुडवा, साध्या पाण्यातून काढा आणि पंचावर पसरून कोरड्या करा. खारट लागत नाही. साल काढू नका, लाल कडा दुधात बऱ्या दिसतात, फक्त आधी कोमट पाण्याने चोळून धुवा, वरचं मेण थोडंफार जातं. सफरचंद नकोच असेल तर मिळाला तर पेरू घाला, बिया काढून. पण पेरूही घरात वास करतो, हे लक्षात असू द्या.

मांडवातल्यांचं चार चमच्यांचं गणित मांडवात बरोबर आहे, तिथे त्यांच्या हातात वेळ नसतो. घरात तो असतो. पहिली पंगत बसायच्या अर्धा तास आधी कालवा, तीन चमचेच पुरतात. दाट कस्टर्ड पुरीला लावून खाताना घशाशी बसतं. दुसऱ्या पंगतीचं दूध आणि फळं वेगवेगळी ठेवा, तेव्हाची तेव्हा कालवा. बर्फ-मिठाची युक्ती मात्र अगदी योग्य, मीही तेच सांगणार होते. बाहेर टेबलावर कालवलेलं तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, या उकाड्यात दुधाचा भरवसा नसतो, आणि घरात गर्भार बाई आहे.

घालायचा क्रम असा. गार कस्टर्डमध्ये आधी सफरचंद, मग चिकू, मग आंबा. केळी सगळ्यात शेवटी आणि चिरून थेट दुधातच टाकायची. दुधात बुडाली की हवा लागत नाही, काळी पडत नाहीत. ताटात चिरून ठेवलीत तर पाच मिनिटांत रया जाते. डाळिंबाचे दाणे पातेल्यात घालू नका, गुलाबी पाणी सोडतात. वाटीत वाढलं की वरून चमचाभर. काजू चंदगडकडचे मिळाले तर उत्तम, तुकडे करून घाला. बेदाणे धुऊन तासभर गार दुधात भिजवा, कोरडे टाकलेत तर ते पातेल्यातलं दूध पिऊन फुगतात.

आता नणंदेचं. किती आणि काय खायचं ते तिच्या डॉक्टरांनाच विचारा, फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. विचारताना नुसतं "फळं चालतील का" असं विचारू नका, फळांची नावं घेऊन विचारा, कारण आंबा-केळं-चिकू आणि पेरू-सफरचंद यांत साखरेच्या दृष्टीने पुष्कळ फरक पडतो. त्यांनी हो म्हटलेल्या फळांची वाटी तिच्यासाठी वेगळी करा, दुधाशिवाय. फोडी जरा मोठ्या, वर इंडीच्या लिंबाचे चार थेंब, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, सैंधव, पुदिन्याची दोन पानं हातानेच तोडून. साखर नाही, मध नाही. मध म्हणजे औषध असं समजून लोक ओततात, साखरेच्या पेशंटला तो साखरच. डाळिंबाचे दाणे वर टाकलेत की तिची वाटी सगळ्यांच्या वाट्यांपेक्षा देखणी दिसते. चांदीच्या वाटीत द्या, मग कुणी कीव करत नाही.


निपाणी स्टँडसमोर

मी खोलीवर एकटा राहतो, मला बाईंची ही दुसरी वाटीच जास्त आवडली. रात्रपाळीहून आलं की एक पेरू, एक केळं, अर्धं सफरचंद, लिंबू, मीठ-तिखट. गॅस पेटवायला नको. फक्त मी त्यात भाजलेले शेंगदाणे भरडून घालतो, पोट भरतं.

पण मंडळी, दूध आणि फळ हा विरुद्ध आहार ना? आमचे आजोबा तर आंबा खाऊन दूध पिऊ द्यायचे नाहीत.


मांडवातला

विरुद्ध आहार असता तर निम्मा महाराष्ट्र आणि सगळा उत्तर कर्नाटक शिकरण खाऊन आडवा झाला असता.


शहापूरच्या बाई

थांबा, चेष्टेवारी नेऊ नका. आयुर्वेदात दुधाबरोबर आंबट फळं खाऊ नयेत असं सांगितलंय, आणि स्वयंपाकघरातही ते दिसतंच, आंबटाने दूध फाटतं. म्हणून तर मी संत्रं, द्राक्षं आणि आंबट आंबा वगळायला सांगितला. ज्यांच्या घरात दूध-फळ अजिबात एकत्र करत नाहीत त्यांच्या पानात नुसत्या फळांची वाटी द्यावी. पाहुण्यांशी वाद घालायचा दिवस नव्हे तो. आणि निपाणीकर, तुमच्या शेंगदाण्यांना शंभरपैकी शंभर.


अनगोळची सून

आता नवीनच निघालं. रविवारी दोघी चुलतसासवांचा उपास आहे. त्या म्हणतात आम्हाला फ्रूट सॅलड चालेल, फळंच तर आहेत.


शहापूरच्या बाई

कस्टर्ड चालणार नाही, त्यात मका आहे. आमच्याकडे मका उपासाला खात नाहीत, तुमच्याकडेही नसावा, सासूबाईंना विचारून घ्या. सोपं करा. दूध उकळून थोडं आटलं की पावडर घालायच्या आधी अर्धा लिटर बाजूला काढा. त्यात साखर आणि वेलची, गार झाल्यावर आयत्या वेळी दोन केळी आणि आंब्याच्या फोडी. झालं त्यांचं शिकरण. सैंधव आणि जिरं उपासाला चालत असेल तर नणंदेच्या वाटीतलंही त्यांना देता येईल. फक्त काढलेल्या दुधात कस्टर्डचा डाव बुडवू नका, नाहीतर दोघींना कळल्यावर महाभारत.

आणि अर्धा लिटर काढलंत तर पावडरही दीड चमचा कमी करा, विसराल म्हणून लिहिते.


अनगोळची सून

शेवटचं विचारते. शनिवारी काय काय उरकून ठेवू? रविवारी सकाळी आंबाडे घालून, साड्या नेसून, झोपाळा सजवायचाय.


शहापूरच्या बाई

कस्टर्ड शनिवारी संध्याकाळी करून, पूर्ण गार करून फ्रिजमध्ये. तीन लिटरचा डबा तुमच्या फ्रिजमध्ये खालचा कप्पा रिकामा केलात की मावेल, भाज्या एक रात्र बाहेर राहिल्या तर काही होत नाही. एका उंच डब्याऐवजी दोन बसके डबे केलेत तर लवकर गार होतं. कोमट असताना झाकण लावू नका, झाकणाची वाफ परत दुधात पडते. डाळिंब सोलून डब्यात. काजूचे तुकडे करून ठेवा. फणस घेणार असाल तर तोही शनिवारीच फोडा, रविवारी नेसल्या साडीवर चीक सांडला की निघत नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला डबे बर्फात. आंबा, चिकू, सफरचंद बारानंतर, आणि हे काम तुमच्याकडे ठेवू नका. तुम्ही नेसून बसणार, तेव्हा कापायला घरातली एखादी कॉलेजातली पोरगी बसवा, नाहीतर तुमचे ह्यांना. अननस आणि आंबा ओळखायला तरी शिकतील. फोडी बोराएवढ्या सांगा. त्याहून मोठ्या चमच्यात मावत नाहीत, लहान केल्या तर लगदा होतो. पुऱ्या तळायला सुरुवात झाली की कालवायचं, त्याआधी नाही.

उरलं तर रात्रीपर्यंत संपवा. केळी दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतात. पोरं असतील तर मिक्सरमधून फिरवून कुल्फीच्या साच्यात ओता, कुणाला कळणारही नाही कालचं काय आहे.


जांबोटीकर

अक्का, शनिवारी दुपारी मी पिकअप घेऊन बेळगावला येणार आहे, एपीएमसीत. कापा फणस हवा असेल तर इथंच सांगून ठेवा, एक बाजूला काढतो. ताटलीत तर ताटलीत.


अनगोळची सून

काढा दादा, एक मध्यम. नणंदेला विचारलं, तिला वास चालतो, उलट तीच म्हणाली गरे माझ्यासमोर ठेवा. डॉक्टरांना फोन झाला. पेरू, सफरचंद, डाळिंब थोडं चालेल म्हणाले, जेवणाबरोबर नको, मधल्या वेळी. म्हणून तिची वाटी ओटी भरायच्या वेळी देणार.

बाई, दुकानात कस्टर्डमध्ये व्हॅनिला आणि मँगो असे दोन फ्लेवर आहेत. कुठला आणू?


शहापूरच्या बाई

व्हॅनिला. हापूसच्या दिवसांत मँगो फ्लेवरचं खोकं घेऊन घरी आलात तर सासूबाई बासुंदीच करायला लावतील, आणि मी त्यांच्याच बाजूने बोलेन.